डेस्कटॉप प्रोसेसर की सर्व्हर प्रोसेसर? ऑफिसचं मशीन निवडताना आलेला अनुभव

पुण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात एकाच मशीनवर बरीच कामं चालवायची होती. सात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच मशीनच्या आत चालणारे वेगवेगळे संगणक (त्यातल्या एकावर पोस्टग्रेसचा डेटाबेस), आठ हार्ड डिस्कवर झेडएफएस या फाइल-व्यवस्थेची सामायिक साठवण, रात्रीचा बॅकअप, आणि पुढेमागे एक ग्राफिक्स कार्ड. शेवटी एएमडीचे दोन प्रोसेसर समोर उरले, आधी डेस्कटॉपचा, मग सर्व्हरचा. रायझन ९ ९९५०एक्स: १६ कोअर, कमाल ५.७ गिगाहर्ट्‌झ, १७० वॅट, ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आलेला. एपिक ७३१३पी: हाही १६ कोअरचाच, पण कमाल ३.७ गिगाहर्ट्‌झ, १५५ वॅट, मार्च २०२१ च्या मिलान (एपिक ७००३) पिढीतला. नुसता प्रोसेसर पाहिला तर पहिला नवा आणि प्रत्येक कोअरमागे दीडपटीहून वेगवान. आम्ही दुसरा घेतला, आणि त्याचं कारण प्रोसेसरच्या आत नाही, त्याच्या भोवती आहे: रॅम किती लागणार आणि कार्डं किती बसणार.

खरेदीआधी जुन्या मशीनवर सिसस्टॅट (वापर मोजणारं साधन) चालू ठेवून महिनाअखेरचे दिवस धरून नोंदी घेतल्या. सरासरी वापर पाहू नका, त्यातून काही कळत नाही. प्रत्येक कोअर वेगळा पाहा. सोळापैकी एकच कोअर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे रिकामे असतील, तर तुमचं काम एका धाग्यावर (थ्रेडवर) अडकलंय, म्हणजे ते अनेक कोअरांत वाटलं जात नाही. तिथे सर्व्हर प्रोसेसर घेतलात तर ते काम हळू होईल, वेगाने नाही. हिशेबाची जुनी सॉफ्टवेअर, कॅडमधली मॉडेल-बांधणी, एका मागोमाग एक चालणारे रिपोर्ट, ही सगळी या जातीची. सगळे कोअर थोडेथोडे वापरात असतील आणि डिस्कची वाट पाहण्यात वेळ जात असेल, तर प्रोसेसर बदलून काहीच होणार नाही. आधी एनव्हीएमई (जलद एसएसडी) घ्या.

रॅम मोजताना झेडएफएसवाल्यांनी एक गोष्ट सांभाळायची. ते आपल्या कॅशसाठी मोकळी रॅम भरून टाकतं, त्यामुळे ‘रॅम संपली’ असं दिसतं. खरी गरज कळते ती कॅशमधून किती वाचनं भागतात त्या प्रमाणावरून. एआरसी-समरी ही कमांड ते दाखवते. आमची बेरीज अशी: व्हर्च्युअल मशीन १२० जीबी, झेडएफएस कॅश ६४, मूळ सिस्टीम ८. एकूण १९२ जीबी, आणि वाढीला जागा शून्य.

इथे डेस्कटॉपची पहिली भिंत लागते. एएम५ या रायझनच्या सॉकेटला रॅमचे दोनच चॅनेल, म्हणजे रॅम ते प्रोसेसर रस्ते, आहेत. बोर्डावर चार स्लॉट दिसतात, पण चार स्लॉट म्हणजे चार चॅनेल नव्हेत. दोन-दोन स्टिक एकाच चॅनेलवर लटकतात. त्याचा परिणाम एएमडी स्वतःच्याच तपशिलात छापते: ९९५०एक्सवर दोन स्टिक असतील तर डीडीआर५-५६००, चार लावल्या तर ३६००. गणित सोपं आहे. ५६०० ला दोन चॅनेलवर ८९.६ जीबी प्रति सेकंद, ३६०० ला ५७.६. म्हणजे रॅम वाढवली आणि वेग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला. बायोसमध्ये वेग ताणून ५६०० वर चारही स्टिक चालवणारे लोक आहेत, पण चोवीस तास चालणाऱ्या डेटाबेसच्या मशीनवर मी ते करणार नाही. एपिक ७३१३पीला आठ चॅनेल आहेत. डीडीआर४-३२०० च्या आठ स्टिक लावल्या की २०४.८ जीबी प्रति सेकंद. रॅम एक पिढी जुनी आणि तरीही रुंदी दुपटीहून अधिक. आठ गुणिले ३२, म्हणजे २५६ जीबी, पूर्ण वेगाने.

दुसरी भिंत पीसीआयई लेनची, म्हणजे कार्डं आणि एनव्हीएमई प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटांची. कागदावर लिहून काढा, मनात धरू नका. चार एनव्हीएमईच्या १६, डिस्क जोडणाऱ्या एचबीए कार्डाच्या ८, नेटवर्क कार्डाच्या ८, ग्राफिक्स कार्डाच्या १६. बेरीज ४८. एएम५ प्रोसेसरच्या २८ लेन, त्यातल्या ४ चिपसेटला (बोर्डावरच्या साहाय्यक चिपला) जातात, उरल्या २४. त्यातल्या १६ मोठ्या स्लॉटला, बाकीच्या बहुधा एम.२ ला, म्हणजे एनव्हीएमईच्या स्लॉटला. बोर्डावर याहून जास्त स्लॉट दिसतात ते चिपसेटमधून आलेले असतात, आणि चिपसेट व प्रोसेसरमधला रस्ता पीसीआयई ४.० च्या फक्त चार लेनचा, म्हणजे जेमतेम ८ जीबी प्रति सेकंद. तो सगळ्यांत वाटला जातो. फिरत्या डिस्कसाठी हे चालून जातं. आठ डिस्क मिळून २ जीबीच्या आसपासच ओढतात. दोन एनव्हीएमई आणि जलद नेटवर्क कार्ड त्याच रस्त्यावर आलं की मात्र कोंडी होते, आणि ती प्रोसेसरच्या वापरात कुठेच दिसत नाही. एपिक ७००३ ला पीसीआयई ४.० च्या १२८ लेन आहेत. प्रश्नच मिटतो.

तुमची बेरीज १२८ जीबीच्या आत आणि २४ लेनच्या आत बसत असेल, तर सर्व्हर सॉकेटकडे वळू नका. दोनच मोठ्या स्टिक लावा, डेस्कटॉप सॉकेटवरच राहा, पैसे आणि वीज दोन्ही वाचतील. त्यातही एपिक ४००४ (मे २०२४) किंवा ४००५ पाहा. हे एएम५ मध्येच बसतात, आत रायझनचीच चिप आहे, पण ईसीसी (चूक सुधारणाऱ्या) रॅमची हमी असते आणि दूरनियंत्रणाची चिप असलेले बोर्ड मिळतात. नाव एपिक असलं तरी चॅनेल दोन आणि लेन २८च, हे विसरून चालणार नाही. इंटेलमध्ये झिऑन ई-२४०० ची जागा साधारण हीच. आठ कोअरपर्यंत, १२८ जीबीपर्यंत. व्हिडिओचं रूपांतर हेच मुख्य काम असेल तर इंटेलचा ग्राफिक्स असलेला साधा कोअर प्रोसेसर या सगळ्यांपेक्षा बरा. त्यातली क्विक सिंक ही रूपांतराची सोय एपिकमध्ये नाही. एपिक ७००३ मध्ये तर ग्राफिक्सच नसतं.

ईसीसीबद्दल दुकानात सर्रास गोंधळ होतो. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असतं’ असं सांगितलं जातं. ते चिपच्या आतल्या आत चूक सुधारतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक त्याला दिसत नाही, आणि सुधारलेल्या चुकीची खबर सिस्टीमला मिळत नाही. खरी ईसीसी स्टिक वेगळी असते, तिच्यावर जादा चिप असतात. तिच्यातही दोन जाती: डेस्कटॉप सॉकेटला यूडीआयएमएम, सर्व्हर सॉकेटला आरडीआयएमएम. डीडीआर५ मध्ये या दोघींची खाच वेगळ्या जागी आहे आणि विजेचा दाबही वेगळा (एकीला ५ व्होल्ट, दुसरीला १२), त्यामुळे अदलाबदल होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर साधी रॅम हातोहात मिळते, ईसीसी यूडीआयएमएम बहुधा मागवून घ्यावी लागते. जुनी डीडीआर४ आरडीआयएमएम मात्र डेटा सेंटरमधून निघालेल्या मालात भरपूर असते, आणि एपिक ७००३ च्या बाजूने हा एक मोठा मुद्दा आहे.

ईसीसी चालतंय का हे बायोसमधल्या ‘ऑटो’वर सोडू नका. लिनक्सवर डीएमआयडीकोड या कमांडने रॅमची माहिती काढली की डीडीआर४ साठी एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची ६४ दिसली पाहिजे. पण तेवढ्याने फक्त स्टिक ईसीसी आहे एवढंच कळतं. कर्नलच्या नोंदीत ईडॅकचा (रॅमच्या चुका टिपणारा) ड्रायव्हर जोडला गेल्याची ओळ हवी, आणि रासडेमन ही नोंद-सेवा चालू हवी, म्हणजे सुधारलेली प्रत्येक चूक लिहिली जाते. डेस्कटॉप बोर्डांवर इथेच गाडी अडते: स्टिक चालते, चुका सुधारतात की नाही ते कळायला मार्ग नाही.

कोअर सोळावरच का थांबलो? विंडोज सर्व्हरच्या लायसन्ससाठी. त्यात एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, आणि त्यापुढे प्रत्येक जादा कोअरचे पैसे. २४ किंवा ३२ कोअरचा एपिक जुन्या बाजारात थोड्याच फरकाने मिळतो, पण लायसन्सचा फरक प्रोसेसरच्या किमतीतल्या फरकाला मागे टाकतो.

जुना एपिक घेताना एक धोका आधी तपासायचा. काही ब्रँडेड सर्व्हरमध्ये प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होतानाच त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचा बांधला जातो. चिपमधला फ्यूज एकदा उडाला की परत येत नाही, आणि तो प्रोसेसर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर चालू होत नाही. बाहेरून पाहून हे कळत नाही. विक्रेत्याला तुमच्याच बनावटीच्या, स्वतंत्र विकल्या जाणाऱ्या बोर्डावर तो चालू करून दाखवायला सांगा आणि ‘लॉक केलेला असल्यास परत’ हे बिलावर लिहून घ्या. बोर्डाचंही तसंच: एपिकचं एसपी३ सॉकेट सारखं असलं तरी २०१७ च्या नेपल्स पिढीसाठी काढलेल्या प्रत्येक बोर्डावर मिलान चालत नाही. बोर्डाची आवृत्ती आणि बायोस या दोन्हींची यादी निर्मात्याच्या पानावर पाहूनच पैसे द्या.

स्वस्त म्हणून झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि चिनी एक्स९९ बोर्ड सुचवले जातात. १४ कोअर आणि किंमत फारच कमी, हे खरं. पण तो २०१६ चा प्रोसेसर, एका कोअरचा वेग आज खूपच कमी, आणि त्या बोर्डांना बायोसची सुधारणा मिळत नाही. शिकण्यासाठी घ्या, ऑफिसच्या डेटासाठी नको.

जोडणीत सगळ्यात नाजूक भाग सॉकेटचा. एसपी३ ला ४,०९४ संपर्कबिंदू आहेत आणि दाब सारखा पडला नाही तर त्यातले काही टेकतच नाहीत. फ्रेमवर तीन स्क्रू असतात, टी२० टॉर्क्स, आणि शेजारी १-२-३ असे आकडे. त्याच क्रमाने आवळायचे, सोडताना उलटा क्रम. साधारण दीड न्यूटन-मीटरचा टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्या. अंदाजाने आवळू नका. चूक झाली तर मशीन चालू होतं, पण आठपैकी सातच स्टिक दिसतात किंवा एखादा पीसीआयई स्लॉट मेलेला वाटतो. लोक रॅम बदलत बसतात. आधी कूलर काढून, प्रोसेसर उचलून, पिना टॉर्चने पाहून पुन्हा क्रमाने आवळा. सगळ्या स्टिक एकाच क्षमतेच्या, एकाच रँकच्या हव्यात. सुरुवातीला आठ परवडत नसतील तर चार लावा, पण कोणत्या चार स्लॉटमध्ये ते बोर्डाच्या पुस्तिकेतूनच ठरवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडद्यावर काही येईपर्यंत काही मिनिटं जातात. रॅमची जुळणी चालू असते. बटण दाबून बंद करू नका. ज्यांची सवय डेस्कटॉपची आहे ते इथे घाबरतात.

दूरनियंत्रणाची चिप, म्हणजे बीएमसी, हा सर्व्हर बोर्डाचा खरा फायदा. रात्री वीज गेली, यूपीएस संपला, तरी सकाळी घरून मशीन चालू करता येतं, बायोसही उघडता येतं. नव्या बोर्डावर पासवर्ड बहुधा स्टिकरवर छापलेला असतो, जुन्यावर तो माहीत नसतो. लिनक्समधून आयपीएमआयटूल या कमांडने नवा घालता येतो. बीएमसीचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर (स्वतंत्र आभासी नेटवर्कवर) ठेवा आणि इंटरनेटवर कधीही उघडं टाकू नका. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आधीच्या स्थितीत’ ही निवड करा.

कॅबिनेट आणि हवा यांत सर्व्हर बोर्ड डेस्कटॉपपेक्षा हट्टी आहे. तो रॅकमधल्या जोरदार समोरून-मागे वाहणाऱ्या हवेसाठी बनलेला असतो. टॉवर कॅबिनेटमध्ये प्रोसेसर थंड राहतो, पण १० गिगाबिट नेटवर्कची चिप, बीएमसी आणि वीजपुरवठ्याचे भाग तापतात. त्यांच्यावर थेट हवा पडेल असा १२० मिमीचा एक पंखा लागतोच. एक तिढा हमखास येतो: सावकाश फिरणारा शांत पंखा लावला की बीएमसीला तो बंद पडल्यासारखा वाटतो, ती सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडते, वेग वाढला की पुन्हा कमी करते, आणि आवाज लाटेसारखा चढत-उतरत राहतो. आयपीएमआयटूलने पंख्याची किमान मर्यादा खाली आणली की थांबतं.

वीज: रिकाम्या वेळीही एपिक जास्त खातो, कारण त्याची मधली आयओ चिप आणि आठ स्टिक सतत जाग्या असतात. फरक ५० वॅट धरला तर वर्षाला ४३८ युनिट. युनिटला १२ रुपयांनी ५,२५६ रुपये. खरेदीच्या तुलनेत पाच वर्षांचा हा आकडा मिळवा. यूपीएस निवडताना सुरुवातीचा झटका धरा. आठ डिस्क एकदम फिरायला लागल्या तर त्याच २०० वॅटच्या आसपास ओढतात. एचबीएमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असते, ती चालू करा.

खरं काम चढवण्याआधी मेमटेस्टच्या (रॅमच्या चाचणीच्या) पूर्ण फेऱ्या, मग स्ट्रेस-एनजी (ताण देणारं साधन) आणि झेडएफएसचं स्क्रब (साठवणीची पूर्ण तपासणी) एकाच वेळी रात्रभर, आणि सकाळी तीन गोष्टी: ईडॅकमध्ये सुधारलेल्या चुका शून्य आहेत का, बीएमसीच्या नोंदीत तापमानाचा इशारा आहे का, आणि प्रत्येक पीसीआयई कार्ड आपल्या पूर्ण लेनवर जोडलंय का. शेवटची गोष्ट एलएसपीसीआय या कमांडच्या तपशिलात दिसते. आठ लेनचं कार्ड चारवर आलेलं असेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. तिथेही चारच आल्या तर कार्डाचे संपर्क साफ करा, आणि मूळच्या स्लॉटमध्येच तसं होत असेल तर पुन्हा सॉकेटच्या तीन स्क्रूंकडे या.