पास देणाऱ्याकडे बोट

२०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दीड महिना आमच्या चॅपल हिलमध्ये, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीच्या गावात, जो भेटेल तो एकाच माणसाबद्दल बोलत होता. युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचे जुने कोच डीन स्मिथ ७ फेब्रुवारीला गेले. ८३ वर्षांचे होते. भारतातल्या मैत्रिणींना सांगताना मी म्हणते, 'मायकल जॉर्डनचे कॉलेजातले कोच', म्हणजे त्यांना लगेच कळतं. इथे मात्र उलटं आहे. इथल्या जुन्या माणसांच्या लेखी जॉर्डन हा कोच स्मिथ यांच्या अनेक पोरांपैकी एक. गुणी, पण अनेकांपैकी एक.

शनिवारी संध्याकाळी ते गेले आणि रविवारी सकाळी सगळ्या गावाला कळलं. दुपारी मी डीन डोमपाशी गेले. १९८६ साली उघडलेलं हे मोठं स्टेडियम. त्याला स्वतःचं नाव द्यायला ते मुळीच राजी नव्हते, लोकांनी गळ घालून दिलं. बाहेर फुलं ठेवलेली, टीमच्या फिकट निळ्या रंगाच्या टोप्या ठेवलेल्या. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला समजावत होते, "दमलास की मूठ अशी वर करायची. कोच लगेच बाहेर घेणार. आणि दम भरला की तूच सांगायचं, आता मी आत जातो." नातू सात-आठ वर्षांचा असेल. त्याने मूठ वर केली आणि विचारलं, "पण खोटंच सांगितलं तर?" आजोबा म्हणाले, "त्यांना कुणी खोटं सांगत नसे." आजोबांचा आवाज कापत होता. मला तिथे उभं राहवेना, मी बाजूला झाले.

मी सांगलीला शाळेच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळले होते, त्यामुळे खेळ नवा नव्हता. पण हा खेळ बघायचा कसा, हे मला आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंनी शिकवलं. १९९२ साली नवऱ्याच्या पीएचडीसाठी आम्ही इथे आलो आणि त्यांच्या घराच्या तळमजल्यावर राहिलो. मॅच असली की त्या वर बोलवायच्या. टीव्ही लावायचा, पण त्याचा आवाज बंद. ओट्यावरच्या रेडिओवर आमच्या टीमचे कॉमेंटेटर वुडी डरहॅम यांची कॉमेंट्री. टीव्हीवरच्या लोकांना आपल्या पोरांची काय माहिती, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या काळी अर्ध्या गावात हीच रीत होती. पहिल्याच मॅचला मी बॉलमागे नजर पळवत होते. त्या म्हणाल्या, "बास्केट झाली की बॉल सोड. ज्याने टाकली त्याचं बोट बघ."

मी बघितलं. बास्केट टाकणारा पोरगा धावत परत येताना एका सोबत्याकडे बोट दाखवत होता. ज्याने पास दिला त्याच्याकडे. दर वेळी. ही कोच स्मिथ यांची शिस्त. पॉइंट करणाऱ्याचं नाव पेपरात येतंच, पास देणाऱ्याचं राहून जातं, तर ते तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर घ्यायचं. प्रेक्षकही मग त्या दुसऱ्या पोरासाठी टाळ्या वाजवायचे. बाहेर येणाऱ्या खेळाडूसाठी अख्खा बेंच उठून उभा राहायचा. वर्षाच्या शेवटच्या घरच्या मॅचला शेवटच्या वर्षाची सगळी पोरं सुरुवातीला उतरायची, एरवी कधी आत न येणारीसुद्धा. १९८१ साली एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाला मुखपृष्ठासाठी पहिल्या पाचांचा फोटो हवा होता. त्या पाचांत एक पोरगा पहिल्या वर्षाचा होता. कोचनी त्याला फोटोत येऊ दिलं नाही, चौघांचाच छापला गेला. तो पाचवा म्हणजे जॉर्डन. त्याच मोसमात, मार्च १९८२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सला जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत त्याच पोराने शॉट मारून ६३–६२ असं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यांना मिळवून दिलं.

आकडे सांगायचेच तर ३६ मोसम, ८७९ विजय, दोन राष्ट्रीय विजेतेपदं, ११ वेळा फायनल फोर (म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार टीम्समध्ये), १९७६ च्या ऑलिंपिकचं सुवर्ण. १९९७ साली निवृत्त झाले तेव्हा पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्यांच्याहून जास्त विजय कुणाचेच नव्हते. दुसरं विजेतेपद १९९३ चं, मिशिगनविरुद्ध ७७–७१. ते आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरातच पाहिलं. मिशिगनच्या ख्रिस वेबरने टाइमआउट उरलेले नसताना टाइमआउट मागितला, म्हणजे फाउलच, आणि बाई खुर्चीतून उठल्याच. त्या रात्री गावातल्या मुख्य रस्त्यावर, फ्रँकलिन स्ट्रीटवर, मुंगीला वाट नव्हती.

पण त्या दीड महिन्यात मी ज्यांच्याशी बोलले, त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच मॅचेसबद्दल बोललं नाही. बँकेतली बाई, आमच्या लायब्ररीतले सहकारी, गॅरेजवाला, सगळ्यांकडे त्यांची एकेक गोष्ट आहे आणि ती कुणाच्या तरी नावाची आहे. कोचनी माझ्या आईचं नाव लक्षात ठेवलं. कोचनी माझ्या भावाच्या ऑपरेशननंतर पत्र पाठवलं. खेळाडूंपैकी ९६ टक्क्यांहून जास्त पदवी घेऊन बाहेर पडले हेही लोक सांगतात, आणि मला वाटतं ८७९ पेक्षा हा आकडा मोठा आहे.

याच गावाने त्यांचा पुतळाही टांगला होता, हे विसरायला नको. जानेवारी १९६५ मध्ये वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीकडून मोठा मार खाऊन बस परत आली तर जिमसमोर झाडाला कोचचा पुतळा लटकत होता. टीममधला बिली कनिंगहॅम बसमधून उडी मारून उतरला आणि त्याने तो ओढून काढला. ही गोष्ट घरमालकीणबाई मान खाली घालून सांगायच्या. "आमचीच पोरं होती ती," म्हणायच्या. पुढची मॅच शेजारच्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या मैदानावर होती, आणि ती ते जिंकले.

पाइन्स हॉटेलची गोष्ट तर मी किती जणांकडून ऐकली. स्मिथ तेव्हा असिस्टंट कोच होते. दक्षिणेत काळ्या माणसांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसू देत नसत. बिंकली बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रींनी सुचवलं आणि स्मिथ त्यांच्यासह एका काळ्या विद्यार्थ्याला घेऊन तिथे जेवायला गेले. बास्केटबॉलची टीम त्या हॉटेलात जेवायची, त्यामुळे मालकांना नाही म्हणवेना. नोकरी जाऊ शकली असती. पुढे कित्येक वर्षांनी जॉन फाइनस्टाइन या पत्रकाराला हे पाद्रींकडून कळलं, तेव्हा कोच वैतागले. त्यांचं म्हणणं, योग्य ते केल्याचा अभिमान कसला बाळगायचा, ते नुसतं करायचं. १९६६ साली त्यांनी चार्ली स्कॉटला आणलं. युनिव्हर्सिटीचा स्कॉलरशिपवरचा तो पहिला काळा खेळाडू. कॅन्ससमध्ये त्यांचे वडीलही शाळेचे कोच होते आणि १९३४ सालीच त्यांच्या टीममध्ये एक काळा मुलगा खेळला होता. तेव्हा हे घरातूनच आलेलं.

२०१० साली कुटुंबाने पत्र काढून कळवलं की त्यांची स्मरणशक्ती ढासळत चालली आहे. हजारोंची नावं, त्यांच्या आईवडिलांची, बायकामुलांची नावं ज्यांच्या ओठावर असायची, त्यांच्याच वाट्याला हे यावं याचा मला आजही राग येतो. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मेडल ऑफ फ्रीडम हा तिथला सर्वोच्च नागरी सन्मान दिला तेव्हा ते घ्यायला त्यांच्या पत्नी गेल्या.

मग २०१५ चा तो फेब्रुवारी. १८ तारखेला ड्यूकच्या मैदानावर मॅच होती. ड्यूक आणि आम्ही म्हणजे हाडवैर. मॅचआधी दोन्ही टीम्स मैदानाच्या मधोमध एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गुडघ्यावर बसल्या. मग ड्यूक ओव्हरटाइममध्ये ९२–९० असं जिंकलं, आणि त्या रात्री हरल्याचं मला नेहमीइतकं दुःख झालं नाही.

२१ ला आमच्या मैदानावर जॉर्जिया टेकशी मॅच. पहिल्याच वेळी बॉल हातात आला आणि आमचे तेव्हाचे कोच रॉय विल्यम्स यांनी चार बोटं वर केली. फोर कॉर्नर्स! चौघं चार कोपऱ्यांत, एक जण बॉल घेऊन मधे, आणि समोरच्याला नुसतं पळवत ठेवायचं. कोच स्मिथ हे आघाडी टिकवायला वापरायचे, समोरची टीम हताश व्हायची. पुढे कॉलेजच्या खेळात शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट मारायला लावणारं घड्याळ, आलं, त्याला अशा मॅचेसही कारणीभूत होत्या, आणि मग हा डाव मागे पडला. आमच्या भोवतीचे केस पिकलेले लोक ती बोटं दिसताक्षणी उठून उभे राहिले. तरुण पोरांना काय चाललंय ते कळायला वेळ लागला. मार्कस पेजने बॉल फिरवत ठेवला, ब्राइस जॉन्सन मागून बास्केटकडे कापत गेला, पास, बास्केट. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई ओक्साबोक्शी रडत होत्या आणि टाळ्याही वाजवत होत्या.

आणि मार्चच्या शेवटी ही चेकची बातमी आली. कोचनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की त्यांच्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येक खेळाडूला २०० डॉलर पाठवावेत. असे सुमारे १८० जण निघाले. सोबत निरोप असा की बाहेर छान जेवायला जा, कोच डीन स्मिथ यांच्याकडून. जॉर्डनलाही तेवढेच आणि बेंचवर बसून चार वर्षं काढलेल्यालाही तेवढेच.

आमच्याकडे रात्री जेवताना यावरून वाद झाला. नवरा म्हणतो, असा चेक कोण वटवेल, फ्रेम करून भिंतीवर लावला पाहिजे. मी म्हणते, त्यांनी जेवायला जा म्हणून सांगितलंय ना? मग बायकापोरांना घेऊन जायचं, पोटभर जेवायचं आणि शेवटी गोड मागवायचं. फ्रेममध्ये चेकची झेरॉक्स लावा.