पन्नास कप पालक

मोठ्या स्वयंपाकघरात कोठी सांभाळणं आणि भाजी काढून देणं हे माझं काम. त्या दिवशी शंभर जणांच्या जेवणाची यादी हातात आली आणि पालेभाजीपुढे एवढंच लिहिलेलं: ‘पालक, 50 कप’. कच्चा की शिजलेला, याचा पत्ता नाही. यादी देणारा माणूस बाहेर, फोन लागेना.

हा फरक किरकोळ नाही. 240 मिलीच्या कपात सैल भरलेली कच्ची पानं 30 ग्रॅमच्या आसपास बसतात. शिजवून निथळलेला पालक त्याच कपात 180 ग्रॅमच्या घरात जातो. म्हणजे एका हिशेबाने दीड किलो, दुसऱ्याने नऊ! मदतनीस मुलगी म्हणाली, “ताई, मी कपानेच मोजते की.” तिने पानं दाबून भरली, मी सैल भरली, दोन्ही कप काट्यावर ठेवले. तिचा कप दुपटीहून जड. मग तिनेच कप बाजूला सारला.

दीड किलोत शंभर जणांच्या ताटात जेमतेम चमचाभर भाजी पडली असती, म्हणजे आकडा शिजलेल्याचाच. मग निवडलेली एक किलो पानं पातेल्यात टाकली. काठोकाठ भरलेलं पातेलं बघता बघता आळलं, हिरवा ढीग तळाशी बसला. हलका निथळून तोलला तर साधारण पाऊण किलो. नऊ किलोसाठी बारा किलो कच्ची पानं हवीत, तीही निवडल्यावर. मुळं आणि जाड देठं निघून जातात, म्हणून जुड्या त्याहून जास्त काढल्या. पानं ओली असतील तर काटा पाणीही तोलतो, तेव्हा वजन आधी, धुणं नंतर.

उरलेल्या जुड्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवायच्या होत्या. एक मुलगा सगळ्याच नळाखाली धरायला निघाला, त्याला थांबवलं. ओली पानं एकमेकांना चिकटतात आणि आतून सडायला लागतात. पिवळी, चेंगरलेली पानं काढली, बाकीची न धुता कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवली. तिथली पिकलेली टोमॅटो आणि सफरचंदं आधी हलवली. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने हिरवा पाला लवकर पिवळा पडतो, आणि हे कोठीत कितीदा सांगितलं तरी मला कमीच वाटतं.

एक जुडी मात्र मलूल होऊन मान टाकून पडलेली होती. मुलगा ती फेकणार होता. देठांची टोकं कापून तिला गार पाण्यात बुडवायला लावली. अर्ध्या तासाने त्याने एक पान वाकवून पाहिलं, तर ते कडकन मोडलं. ती जुडी त्याच दिवशी पातेल्यात गेली.