सुकट, उसाचं वाढं आणि एल निनो

परवा बुधवारच्या बाजारात मायनं सुकट आणायला पाठवलं. आमच्या मराठवाड्यातून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभर एसटीत बसावं लागतं, पण सुकट मात्र बारक्यातल्या बारक्या बाजारातही असतेच, लाल मिरचीच्या ढिगाशेजारी गोणपाटावर. भाव ऐकून मी म्हणलं, मावशी, मागच्या बाजाराला तर एवढी महाग नव्हती. तर म्हणती कशी, "मालच कमी यायलाय बाबा, घे नाहीतर पुढच्या बुधवारी अजून चढंल."

घेतली. अन् सवयीनं चिमूटभर तळहातावर पसरून बघितली, झूऑलॉजीवाल्याची खोड आहे ही, जात नाही. प्रत्येक किड्याला दोन काळे टिपके, मोहरीच्या दाण्याच्या पाव भागाएवढे. ते डोळे. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, पुस्तकात त्याला असेटिस म्हणतात. दिसायला कोळंबीचं लेकरू वाटतं पण लेकरू नाही ते, वाढून वाढून इंच-दीड इंच होतं अन् तेवढंच राहतं. प्रवाहाच्या विरोधात जायची ताकद नाही, पाणी नेईल तिकडं जायचं, म्हणून त्याला झूप्लँक्टनमध्ये, म्हणजे पाण्यासोबत वाहत जाणाऱ्या बारक्या प्राण्यांमध्ये धरतात. बोंबील हाच जवळा खाऊन जगतो. म्हणजे आपण भाकरीसोबत खातो ते झूप्लँक्टनच, हे मी वर्गात सांगितलं की पोरं नाकं मुरडतात अन् मग हसतात. (मी तासिका तत्त्वावर शिकवतो, त्यामुळं पोरं हसली तरी मला चालतं, बिल निघालं म्हणजे झालं.)

तसं झूप्लँक्टनशी आमच्या गावाचं नातं जुनंच आहे अन् ते काही गोडीचं नाही. आजोबांच्या नडगीवर नारूचा व्रण होता. तो जंत रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून बाहेर काढायचा, ओढला अन् तुटला की पाय सुजून खाटेवर पडायचं. नारू पसरायचा सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या टिपक्याएवढ्या जीवातून, पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी पिलं की पोटात. आजी पाणी दुपदरी फडक्यानं गाळायची ते यासाठीच. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. तर हा सायक्लॉप्स म्हणजे कोपेपॉड, कोळंबी-खेकड्याच्या दूरच्या नात्यातला बारका जीव, अन् समुद्रातल्या झूप्लँक्टनमध्ये बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त संख्या याच्याच भावकीची.

आता खरं सांगायचं ते सांगतो. आमच्याकडं कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, बहात्तरचा दुष्काळ. आजोबा खडी फोडायला जायचे, तिथं सुकडी (पिठाचा कोरडा खाऊ) मिळायची, अन् रेशनला लाल मिलो ज्वारी. त्याच १९७२-७३ मध्ये पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला पेरूच्या किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली होती, हे मला एम.एस्सी.ला येईपर्यंत माहीत नव्हतं. तिथली अँचोवेटा नावाची बारकी मासळी, १९७० ला १२० लाख टनांच्या वर धरली होती अन् १९७३ ला वीसेक लाख टनांवर आली. उपसाही बेसुमार झाला होता ते वेगळं, पण कंबरडं मोडलं ते एल निनोनं, म्हणजे काही वर्षांनी पॅसिफिक महासागराचं तिकडचं पाणी तापतं त्यानं. या मासळीची पूड कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जायची, ती कमी पडली तसं सगळे सोयाबीनच्या पेंडीवर तुटून पडले, भाव एवढा भडकला की १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच थांबवली. आज लातूरच्या आडतीत सोयाबीनच्या भावासाठी मोबाईलमध्ये डोळे घालून बसलेल्या किती जणांना हे माहीत असंल काय माहीत.

पण गरम पाण्यानं मासळी कशी काय गेली? पेरूच्या किनाऱ्याला वाऱ्यामुळं वरचं पाणी बाजूला सरतं अन् खालचं गार, खतानं भरलेलं पाणी वर येतं, त्यावर शेवाळ माजतं, शेवाळावर कोपेपॉड अन् कोळंबीसारखं बारकं क्रिल, त्यांच्यावर मासळी. एल निनोत वारा किनाऱ्याला बऱ्याचदा वाहतच असतो, पण पश्चिमेकडचं गरम पाणी इकडं सरकून त्याचा थर एवढा जाड होतो की गार पाणी पार खोल जातं. म्हणजे मोटार चालू आहे पण फुटबॉल (पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) चांगल्या पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, उपसा होतोय तो वरच्याच फुळकवणी पाण्याचा. ज्यानं आटत्या विहिरीवर मोटार चालवलीय त्याला हे समजवायची गरज नाही. अन् अँचोवेटा शेवाळ खाऊन जगते असं बरीच वर्षं मानायचे, नंतर पोटं फाडून नीट हिशोब मांडला तर तिची जवळपास सगळी ऊर्जा झूप्लँक्टनमधून येते असं निघालं. म्हणजे मधली कडीच तुटली होती.

झूप्लँक्टन किती कमी झालं, हे मोजणं मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. कॅलिफोर्नियात १९४९ पासून जाळी ओढून नमुने घेतात. १९९५ ला तिथल्या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की १९५१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रातलं झूप्लँक्टन ८० टक्के घटलंय अन् वरचं पाणी काही ठिकाणी दीड अंशाच्या वर तापलंय. केवढी खळबळ. पण ते मोजमाप होतं आकारमानाचं, म्हणजे नमुना मोजपात्रात टाकायचा अन् पाणी किती चढलं ते बघायचं. पुढं बाटल्या उघडून एकेक प्राणी वेगळा केला तेव्हा दिसलं की घटले होते ते मुख्यतः सॅल्प, जेलीसारखे पाणीदार, जागा फार अन् माल थोडा. त्यांचा कार्बन मोजला तर एवढी घसरण दिसतच नाही. टोपलीभर कापूस अन् टोपलीभर ज्वारी, टोपली तेवढीच पण वजन सारखं असतंय का?

अमेरिकेतच ओरेगॉनच्या किनाऱ्यावर १९९६ पासून साधारण दर पंधरा दिवसाला बोट नेऊन कोपेपॉड मोजतात. गार वर्षांत तिथं उत्तरेकडचे कोपेपॉड असतात, अंगात तेलाची पिशवी असलेले, चांगले गरगरीत. समुद्र तापला की दक्षिणेकडचे येतात, बारके अन् चरबी कमी. गंमत म्हणजे गरम वर्षांत जातींची संख्या उलट वाढते. कागदावर बघणाऱ्याला वाटावं भरभराट झाली, अन् सॅमनची पिल्लं मात्र तेच खाऊन खंगतात, पुढच्या वर्षी परतून येणारे सॅमन कमी. २०१४ च्या शेवटाला गरम पाण्याचा मोठा पट्टा त्या किनाऱ्याला येऊन लागला तेव्हा झूप्लँक्टनवर जगणारे ऑकलेट पक्षी हजारोंनी मरून वाळूवर आले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्याकडची चारा छावणी आठवली. दावणीला उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ढिगानं पडलेलं, जनावरांची पोटं टम्म, अन् आमची गाय दोन लिटरवरून तांब्याभर दुधावर आलेली. सरकी नाही, पेंड नाही, कडबा नाही, नुसतं वाढं. बाबा म्हणायचे, चारा आहे हो, पण चाऱ्यात काय आहे? मला वाटतं झूप्लँक्टनच्या बातम्यांत हाच प्रश्न कुणी विचारत नाही, सगळे घटलं का वाढलं एवढंच विचारतात.

आपल्या अरबी समुद्रातही असाच अदलाबदलीचा खेळ चालूय. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकल्याचे व्हिडिओ दर हिवाळ्यात फिरतात, लोक खाली लिहितात किती सुंदर. ती चमक बहुतेक वेळा नॉक्टिलुका नावाच्या एकपेशी जीवाची. उत्तर अरबी समुद्रात २००० नंतर थंडीच्या दिवसांत डायटम शेवाळाची जागा त्यानं बरीच बळकावली, अन् कोपेपॉडला तो फारसा खाता येत नाही, सॅल्पला मात्र जमतो. सुंदर आहेच, पण ते वाढंच.

एक मात्र, एल निनो म्हणजे दुष्काळ असं डोळे झाकून म्हणू नये. १९९७ चा केवढा जबरी होता अन् देशाचा पाऊस ठीकठाक झाला, कारण हिंदी महासागर स्वतःची चाल खेळत होता. व्हॉट्सअपवर दर एप्रिलला जे फॉरवर्ड येतात त्यांना हे कोण सांगणार.

२०१५ ला मात्र एल निनो अन् दुष्काळ दोन्ही जुळलं. त्या वर्षी मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो अन् प्रोजेक्ट होता आमच्या पाझर तलावातलं झूप्लँक्टन. महिन्याला दोनदा बोल्टिंग सिल्कची जाळी घेऊन जायचं, पाणी गाळायचं, फॉर्मेलिन टाकायचं अन् मग एक मिलीच्या सेजविक-राफ्टर सेलमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या चौकटीच्या काचेत, हजार चौकोन डोळे फुटेस्तोवर मोजायचे. दिवाळीत डॅफ्निया (पाणपिसवा) होत्या, टपोऱ्या. संक्रांतीपर्यंत पाणी हिरवं अन् गरम, डॅफ्निया गायब, नुसते त्याहून बारके रोटीफर नावाचे जीव, तेही एवढे की मोजता मोजता आकडा विसरायचा. मी गाईड सरांना खुशीत फोन केला, सर, संख्या तिपटीनं वाढली. ते म्हणाले, "अरे, तळ्यात पाणी किती राहिलंय ते सांग आधी."

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असंल. त्याच आठवड्यात मी जाळी घेऊन तलावावर गेलो तर मधोमध भेगाळलेला गाळ अन् त्यात एक टिटवी. सुकट ठेवायला कपाट उघडलं तेव्हा ती वही दिसली, जूनपर्यंतचे रकाने मी पट्टीनं आधीच आखून ठेवले होते. मार्चपर्यंत आकडे आहेत. पुढं सरांच्या सांगण्यावरून लाल पेननं एवढंच लिहिलंय, नमुना नाही, पाणी नाही.