मत्स्यालयात फोटो काढायला जाताय? पांढरा शर्ट घालू नका

श्रावणात आत्याकडे रत्नागिरीला होतो, पाऊस असा की दारातून बाहेर पाय टाकवत नव्हता, मग आत्याच्या नातवाला घेऊन मत्स्यालय गाठलं. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं ते. कॅमेरा होता, उत्साह होता, आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट!

पहिले तीसेक फोटो काढले आणि बाहेर पडवीत येऊन बघितलं तर लायनफिशच्या अंगावर चक्क माझी बटणं. नातू म्हणतो, "काका, माशाने तुमचा शर्ट गिळला." हसण्यावारी नेलं पण पोरगं बरोबर बोललं होतं. काच समोरून पडलेला साधारण ४ टक्के उजेड परत फेकते, ऐकायला कमी वाटतं, पण टाकीत अंधार आणि आपण उजेडात उभे असलो की तेवढ्यातच सगळा घोळ होतो.

परत आत गेलो ते आत्याची काळी छत्री घेऊन. नातवाने ती माझ्या पाठीमागे उघडी धरली (गर्दी नव्हती म्हणून जमलं, नाहीतर लोकांनी शिव्याच घातल्या असत्या) आणि लेन्स थेट काचेला टेकवली, लेन्सभोवती बसवून आजूबाजूचा उजेड अडवायचा रबरी हूड नव्हता म्हणून काळा मोजा पंजाकडून कापून लेन्सवर चढवला, दिसायला भिकार पण काम फक्कड. मोबाईलवाल्यांनी तर काही न करता फोन काचेला सपाट चिकटवायचा, बस. फक्त आधी रुमालाने काच पुसा, पोराटोरांच्या बोटांचे ठसे असतात आणि ऑटोफोकस मेला नेमका त्यांच्यावरच जाऊन बसतो.

आणि सरळ समोरून काढा. तिरकं काढलं की जाड काच आणि पाण्यामुळे मासा फिसकटतो, कडांना रंग सुटतात. मी हौसेने पोलरायझर (चमक कापायला लेन्सवर लावतात तो फिल्टर) नेला होता, तो समोरून काढताना काडीचा उपयोगी नाही, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पिशवीतच राहू द्या. फ्लॅश बंद, हे सांगायला नको, काचेवर पांढरा गोळा येतो आणि माशांनाही त्रास.

सेटिंगचं म्हणाल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) बिनधास्त १६०० ते ३२०० ठेवा, फोटोत दाणे आले तर आले, हललेला मासा काही केल्या सुधारत नाही. शटर मी १/२५० सेकंदावर नेलं तर काही टाक्यांत फोटोवर आडवे काळे पट्टे आले, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात त्याचा परिणाम. १/१०० वर आणलं, पट्टे गेले. पण त्या स्पीडला सुळकन जाणारा मासा पुसटच येणार, म्हणून त्याच्या मागे धावू नका. मासे त्याच त्याच वाटेने फेऱ्या मारतात, वळतो ती जागा हेरायची, फोकस तिथे लावून ठेवायचा आणि वळताना क्षणभर थबकला की दाबायचं. लायनफिशचा डोळा असा अकराव्या फेरीला मिळाला, नातू तोवर कंटाळून देवमाशाच्या सांगाड्यापाशी जाऊन बसला होता.

तिकीट काढतानाच कॅमेऱ्याचं विचारून घ्या. आणि छत्री ओली असेल तर आत नेऊ नका, त्यापेक्षा काळी ओढणी बरी.