गारग्रेव्ह ते मॅल्हम : अमेरिकन शेजाऱ्यांसह इंग्लंडच्या पाऊलवाटेवर

न्यू जर्सीत आमच्या घरासमोरच्या रस्त्याला पदपथ नाही. एकवीस वर्षे आम्ही तेथे राहतो आणि संध्याकाळी पाय मोकळे करायचे झाले, तर मोटारीत बसून चार मैलांवरच्या उद्यानात जातो. शेजारच्या घरात एक निवृत्त शिक्षक दाम्पत्य राहते. दोघेही सत्तरीला टेकलेले, अमेरिकेतच जन्मलेले आणि वाढलेले आहेत. गेल्या जूनमध्ये आम्ही चौघे मिळून तीन आठवडे इंग्लंडला गेलो, तेव्हा त्यांच्या मनात राजवाडे, टॉवर ब्रिज आणि पहारेकऱ्यांची पालट होती. माझ्या पतींनी विद्यार्थिदशेतील दोन वर्षे लीड्समध्ये काढली होती. त्यांनी एकच आग्रह धरला, की निदान दोन दिवस उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशर डेल्स या दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशात पायी हिंडायचे. राजवाडे पाहून झाले आणि ते सुंदरही होते; पण परतल्यावर आमच्या अंगणात आजही ज्या दिवसांविषयी बोलणे निघते, ते हेच दोन दिवस.

लीड्सहून आगगाडीने तासाभराच्या आत आम्ही गारग्रेव्ह या लहानशा गावी उतरलो. तेथून मॅल्हमपर्यंतची वाट साधारण सात मैलांची आहे. पतींच्या हातात ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा नकाशा होता. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या नकाशांवर प्रत्येक शेताची भिंतसुद्धा दाखवलेली असते आणि त्या शेतांमधून हिरव्या तुटक रेषा धावत असतात. या रेषा म्हणजे सार्वजनिक पाऊलवाटा. शेजारीणबाईंनी नकाशा नीट पाहिला आणि विचारले, "ही जमीन कोणाची आहे?" शेतकऱ्यांची, खासगी मालकीची. "आणि आपण तिच्यातून जाणार?" हो, जाणार, कोणाची परवानगी न घेता आणि कोणाला एक पैसा न देता. त्या काही क्षण गप्प राहिल्या. आमच्या भागातील झाडाझाडांवर प्रवेश निषिद्ध असल्याच्या पाट्या ठोकलेल्या असतात, आणि अनोळखी माणसाच्या कुरणात पाऊल टाकायचे नाही हे तेथे लहानपणापासून मनावर बिंबवलेले असते. पहिल्या फाटकाशी त्या थांबल्या त्या या सवयीमुळेच. फाटकावर पिवळा बाण होता. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, तर निळा बाण घोडेस्वार आणि सायकलस्वारांनाही मोकळ्या असलेल्या वाटेसाठी असतो, हे पतींनी सांगितल्यावर त्यांनी फाटक उघडले आणि आत गेल्यावर आठवणीने पुन्हा लावून घेतले.

माझे बालपण सातारा जिल्ह्यात गेले. तेथे शेतावर जाण्याच्या वाटेवरून भाऊबंदकीत किती भांडणे होतात, हे मी घरात पाहिले आहे. पाणंद कोणी नांगरली किंवा बांध कोणी कोरला, की १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अर्ज करायचा आणि तहसील कचेरीत खेटे घालायचे. त्यामुळे इंग्लंडमधल्या या व्यवस्थेला कोणता शब्द वापरावा, हे मला शोधावे लागले नाही. ही वहिवाट आहे. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे उघडपणे आणि अडथळ्याविना ये-जा करत आले असतील, तर ती मालकाने लोकांना दिलेली आहे असे तेथील कायदा गृहीत धरतो. फरक इतकाच, की आपल्याकडची वहिवाट बहुधा शेजारच्या शेतकऱ्यापुरती असते आणि येथली कोणाही वाटसरूची. १९४९ च्या कायद्याने या वाटांची अधिकृत नोंद करण्याचे काम परगण्यांच्या परिषदांवर सोपवले. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. शेताच्या मधून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरावी लागली, तर शेतकऱ्याने ती चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते.

हे सारे आपोआप मिळालेले नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतील शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या डोंगरपठारावर मुद्दाम चढून गेले. पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या त्या माळावर जाण्यास लोकांना बंदी होती. त्यांच्यातील पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये तोच परिसर देशातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग झाला. आम्ही गारग्रेव्हहून जिच्यावरून चाललो होतो, ती पेनाइन वे ही २६८ मैलांची पायवाट मॅल्हमजवळच्या माळावर १९६५ मध्ये खुली झाली आणि तो दिवसही २४ एप्रिलचाच होता.

या वाटेच्या जन्मकथेतील एक गोष्ट मी शेजाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. एअरटन गावाजवळ नदीकाठी डबे उघडून बसलो असताना ती सांगितली. १९३० च्या दशकात टॉम स्टीफन्सन नावाच्या इंग्रज पत्रकाराला दोन अमेरिकन तरुणींचे पत्र आले. आमच्याकडे ॲपलाचियन ट्रेल आहे, तशी लांब पायवाट तुमच्या देशात कोठे आहे, असे त्यांनी विचारले होते. तशी वाट नव्हती. या प्रश्नावरून स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये पेनाइन डोंगररांगेवरून जाणाऱ्या हिरव्या वाटेची मागणी करणारा लेख लिहिला आणि तीस वर्षे तिचा पाठपुरावा केला. ॲपलाचियन ट्रेलचे सुमारे ७० मैल आमच्या न्यू जर्सीतून जातात आणि शेजारी तरुणपणी ते चाललेले आहेत. गोष्ट ऐकून ते उठले, वाटेच्या लाकडी खांबाजवळ गेले आणि त्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

दोन्ही वाटांमध्ये मला जाणवलेला भेद मात्र मोठा आहे. ॲपलाचियन ट्रेल मुख्यतः अरण्यातून जाते. तिच्यापर्यंत पोचायला मोटार लागते आणि तेथे माणूस नित्याचे जग मागे टाकण्यासाठी जातो. इंग्लंडमधील पाऊलवाट नित्याच्या जगातूनच जाते. ती चर्चच्या आवारातून, कालव्याच्या पुलावरून, गोठ्याच्या कडेने आणि कोणाच्या तरी परसदारावरून जाते. भिंती आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून उभारलेल्या आहेत. त्यांच्यात मधूनच चार पायऱ्या बसवलेल्या असतात, म्हणजे माणूस ओलांडून जाईल पण मेंढी जाणार नाही. समोरून येणारा प्रत्येकजण नमस्कारादाखल दोन शब्द बोलतो आणि ते बहुधा हवेविषयी असतात. कोणी कुत्रे घेऊन निघालेला, कोणी शेजारच्या गावी दुकानात निघालेली. आमच्या शेजाऱ्यांना या साधेपणाचेच सर्वांत अधिक अप्रूप वाटले, आणि माझ्या मते अमेरिकेहून येणाऱ्या माणसाने सर्वांत आधी अनुभवावी ती हीच गोष्ट.

मॅल्हमला पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. गावातील पबमध्ये चिखलाच्या बुटांनी बसण्यास कोणी हरकत घेतली नाही. दोन टेबलांखाली कुत्री निजलेली होती आणि कोपऱ्यात एक आजी नातवंडांना चिप्स भरवत होत्या. जेवण टेबलाशी मागायचे नसते. काउंटरशी जाऊन सांगायचे आणि पैसे तेथेच द्यायचे, हे समजायला आम्हाला थोडा वेळ लागला. फलकावर लिहिलेली किंमत हीच शेवटची किंमत असते, कारण कर तिच्यात आधीच धरलेला असतो, आणि काउंटरशी मागितलेल्या पदार्थासाठी बक्षिसीची अपेक्षा नसते. अमेरिकेत जेवणाच्या बिलावर आमच्या राज्याचा ६.६२५ टक्के कर चढतो, वर अठरा-वीस टक्के टिप द्यावी लागते आणि त्या हिशेबात जेवणाचा शेवट होतो. शेजाऱ्यांनी मांसाचे सारण भरून भाजलेला ‘पाय’ हा पदार्थ आणि बिअर घेतली. तेथील पाइंट ५६८ मिलिलिटरचा आणि अमेरिकेतला ४७३ चा, हे कळल्यावर त्यांना विशेष आनंद झाला. मी खजुराची, गरम पाक ओतलेली स्टिकी टॉफी पुडिंग मागवली. ती एकदा खाल्ल्यावर इंग्रजी खाण्याला नावे ठेवणाऱ्यांशी माझे मत पुन्हा जुळेल असे वाटत नाही.

मुक्कामाच्या घरी प्रत्येक खोलीत विजेची किटली, दोन कप आणि दुधाच्या छोट्या डब्या ठेवलेल्या होत्या. ब्रिटनमध्ये विजेचा दाब २३० व्होल्ट असल्याने तीन किलोवॉटची किटली चालते; अमेरिकेत १२० व्होल्टवर ती दीड किलोवॉटच्या पुढे सहसा जात नाही, म्हणून तेवढेच पाणी उकळायला दुप्पट वेळ लागतो. भिंतीवरील प्लगला स्वतंत्र बटण असते, याचे शेजाऱ्यांना नवल वाटले. मला मात्र सातारच्या घराची आठवण झाली, कारण आपल्याकडच्या तीन गोल पिनांच्या प्लगचा मूळ नमुना ब्रिटिशच आहे. ब्रिटनने तो सोडून चपट्या पिना घेतल्या आणि आपण जुना जपला.

त्या रात्री साडेनऊ वाजून गेले तरी आकाशात स्वच्छ उजेड होता. घराच्या मालकीणबाई चहा घेऊन अंगणात येऊन बसल्या. त्यांचा मुलगा बँकेत नोकरी करतो आणि तो पुढच्या आठवड्यात पंधरा दिवसांच्या सुट्टीवर जाणार होता. त्याला सुट्टी सहज मिळते का, असे शेजाऱ्यांनी विचारले, तेव्हा मालकीणबाईंना प्रश्नच कळला नाही. पूर्णवेळ कामगाराला वर्षाला किमान २८ दिवसांची भरपगारी रजा, त्यात सार्वजनिक सुट्ट्या धरूनही, देणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात भरपगारी रजेची अशी एकाही दिवसाची हमी नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या शेजारीणबाई नंतर बराच वेळ आपल्या मुलीविषयी बोलत राहिल्या. तिने तीन वर्षांत सलग एक आठवडाही रजा घेतलेली नाही.

येथे तक्रारीलाही जागा आहे. खेड्यांकडे येणाऱ्या बसगाड्या इतक्या थोड्या आहेत की मोटार नसलेल्या माणसाला आपला दिवस बसच्या वेळापत्रकावर बेतावा लागतो, आणि पायी हिंडण्याचा हक्क मोलाचा असला तरी तेथवर पोचायचे कसे हा प्रश्न शिल्लक राहतो. आम्हाला परतताना टॅक्सी करावी लागली.

त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही जॅनेट्स फॉसच्या लहान धबधब्यावरून गोर्डेल स्कारला गेलो. चुनखडीचे दोन उंच कडे समोरासमोर झुकलेले आहेत आणि त्यांच्या फटीतून पाणी कोसळते. पाऊलवाट थेट त्या धबधब्याच्या खडकांवरून वर जाते. आम्ही चढलो नाही. पायथ्याशी ओढ्याच्या दगडांवर बसलो, आणि एक तरुण जोडपे हात देत-घेत वर पोचेपर्यंत शेजारीणबाईंनी त्यांच्यावरून नजर हलवली नाही.

लंडनला परतल्यावर मी त्यांना टेट ब्रिटन संग्रहालयात नेले, कारण जेम्स वॉर्ड या चित्रकाराने १८१२ ते १८१४ या काळात रंगवलेले गोर्डेल स्कारचे चित्र तेथे आहे. ते सव्वातीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद आहे. काळे कडे आकाश झाकून टाकतात आणि खाली मध्यभागी एक पांढरा बैल उभा आहे. वॉर्डने कडे मुद्दाम अधिक उंच दाखवले, हे तेथे जाऊन आलेल्या माणसाला लगेच समजते. शेजारीणबाई बाकावर बसून आपण कोठे बसलो होतो ते शोधत राहिल्या. आम्ही वीस मिनिटे थांबलो, दुसरे एकही चित्र पाहिले नाही आणि बाहेर पडलो. दारात तिकीट नव्हते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात न्यू जर्सीच्या प्रौढाला तीस डॉलर मोजावे लागतात. तेवढे मोजले, की दमून जाईपर्यंत दालनामागून दालन पाहत राहावे लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे विमान होते. संग्रहालय सकाळी दहा वाजता उघडते, हे शेजारीणबाईंनी रात्रीच पाहून ठेवले होते. बॅगा भरून झाल्यावर त्या नाश्त्याला आल्या तेव्हा त्यांच्या पायांत चालण्याचे बूट होते, आणि आपण दहा मिनिटांसाठी पुन्हा एकदा जाऊन येऊ शकतो का, असे त्यांनी मला विचारले.