चौकशा करणाऱ्या गावातून जर्मनीत

बेळगावच्या वडगावात एखाद्या अनोळखी माणसानं गल्लीत स्कूटर लावली की इंजिन बंद व्हायच्या आत कट्ट्यावरून पहिला प्रश्न येतो, "कुणाकडं आलासा?" त्याचं उत्तर मिळालं की दुसरा, "म्हणजे तुम्ही कुणापैकी?" तिसऱ्या प्रश्नाला येईपर्यंत तुमचं आजोळ, नोकरी आणि लग्न झालंय की नाही हे सगळं कट्ट्यावर जमा झालेलं असतं. लहानपणी मला याचा फार राग यायचा. कॉलेजला असताना तर मी मुद्दाम मागच्या बोळातून घरी जायचो.

इथं स्टुटगार्टजवळच्या ज्या ओतकामाच्या कारखान्यात मी काम करतो, तिथं शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दोन मुली आहेत हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. तेही त्याला मुलीच्या शाळेत जायचं होतं म्हणून तो लवकर निघाला त्या दिवशी. माणसाची चौकशी करणं इथं आगाऊपणात जमा होतं. (अपवाद एकच. आमच्या भागात जिना झाडायची पाळी आठवड्या-आठवड्यानं घराघरावर फिरते, दारावर तशी पाटी लटकते. पाळी तुमची असताना जिना झाडला की नाही, यावर मात्र शेजाऱ्यांचं वडगावच्या तोडीचं लक्ष असतं.)

पण हीच माणसं वस्तूबद्दल विचारायला लागली की थांबत नाहीत. कॉफीच्या यंत्राचा आवाज जरा बदलला तर तिघं जण झाकण उघडून बघायला उभे. १९७१पासून इथं टीव्हीवर लहान मुलांचा एक कार्यक्रम चालू आहे. एखादी रोजची वस्तू कारखान्यात कशी तयार होते हे त्यात सावकाश, एकेक पायरीनं दाखवतात. त्याच कार्यक्रमाच्या नावानं २०११पासून दर ३ ऑक्टोबरला देशभरातले कारखाने, प्रयोगशाळा, कार्यशाळा मुलांसाठी दारं उघडतात. एरवी शिफ्ट नसलेल्या माणसाला ज्या दारातून आत घेत नाहीत, तिथं आठ वर्षांची पोरं हेल्मेट घालून फिरतात.

हे बघताना मला गोकाकची शाळेची सहल आठवते. दगडी कडा, १७० फुटांवरून कोसळणारी घटप्रभा, झुलता पूल आणि पलीकडं एकोणिसाव्या शतकापासून पाण्याच्या जोरावर चाललेली सूतगिरणी. आम्ही पुलावर उड्या मारल्या, डबे खाल्ले आणि परत आलो. पाण्यानं गिरणी फिरते कशी, हे एकानं विचारलं तर गुरुजी म्हणाले, "परीक्षेला येत नाही ते." गुरुजी वाईट नव्हते, पन्नास पोरं सांभाळून वैतागले होते. तरी ते वाक्य लक्षात राहिलंय.

बेळगावचे मित्र फोनवर विचारतात, तिकडची यंत्रं भारी असतील, नाही? भारी आहेत, पण उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतही विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आहेत, ग्रीन सँडचे, म्हणजे ओलसर वाळूचे साचे आहेत, आपल्याकडची कास्टिंगं, म्हणजे ओतीव भाग, परदेशात जातात. माझ्या मते मोठा फरक प्रश्न कुणाला आणि कशाबद्दल विचारायचा यात आहे. आणि तो फरक मला वाटला होता तितका एकतर्फी निघाला नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. पंपाची एक बॉडी मशीनिंगला गेली आणि फ्लँजच्या, म्हणजे पाइप जोडायच्या कडेच्या, तोंडावर छिद्रं उघडी पडली. मी आधी जिथं काम केलं त्या वर्कशॉपमध्ये अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पाळी कुणाची होती?" मग ज्याची पाळी, तो गप्प. जो गप्प बसतो त्याच्याकडून काही कळत नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच छिद्रं पुन्हा. इथं आमच्या मास्टरनं बॉडी सरळ करवतीवर घातली, बरोबर छिद्रातून दोन तुकडे केले आणि भिंग माझ्या हातात दिलं. छिद्राची आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत असेल तर आत वायू अडकलाय: वाळूत ओल जास्त, किंवा कोअरमध्ये, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यात, ओल, किंवा हवेला बाहेर जायला वाट नाही. भिंत खडबडीत, काटेरी असेल तर लोखंड थिजताना आकसलंय आणि रायझरमधून, म्हणजे साच्यातल्या जादा लोखंडाच्या साठ्यातून, त्याला भर मिळालेली नाही. आमची भिंत आरशासारखी होती. म्हणजे वायू.

आता हेच माझा मामा नखानं करायचा. उद्यमबागेत त्यानं सगळी नोकरी मोल्डर, म्हणजे साचे करणारा, म्हणून काढली. तुटलेल्या कास्टिंगच्या भोकात करंगळीचं नख फिरवायचा आणि म्हणायचा, "वाऱ्याचं हाय हे." वाळूची परीक्षाही हातानंच. मूठभर वाळू घट्ट दाबायची, गोळ्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत, मग दोन्ही हातांनी मोडायचा, कडा धारदार राहिली पाहिजे. हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. जुलैत बेळगावचा पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही, तेव्हा तो मिलरवर, म्हणजे वाळू मळायच्या यंत्रावर, पाणी सोडणाऱ्या पोराच्या मागं उभाच असायचा. इथल्या प्रयोगशाळेत ओलावा टक्क्यात मोजतात, तीन-साडेतीनच्या आसपास. मामाला टक्का कुणी विचारला नाही आणि त्यानं कधी सांगितला नाही. तो निवृत्त झाला, त्याच्याबरोबर त्याचा हातही घरी गेला.

इथं ओतकाम शिकणाऱ्या पोरांचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं आणि त्या काळात प्रत्येकाला वही ठेवावी लागते: या आठवड्यात काय केलं, काय शिकलो. वही नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. पोरं कंटाळतात, एकमेकांच्या वह्या उतरवतात, ते सगळीकडं सारखंच. कामगारानं सुधारणा सुचवायची पद्धतही जुनी आहे. एसेनच्या क्रुपनं १८७२ साली आपल्या कारखान्याच्या नियमावलीतच लिहून ठेवलं होतं की कुणाचीही सूचना ऐकून घेतली जाईल. त्याच नियमावलीत शिस्तीची कलमं इतकी कडक होती, की मालक प्रेमानं विचारत होता असं समजायचं कारण नाही. त्याला फायदा कळत होता.

तर आमची छिद्रं. वाळूचा ओलावा तपासला, ठीक. साच्यातल्या हवेच्या वाटा, ठीक. ओतायचं तापमान, ठीक. तीन आठवडे तक्ते बघण्यात गेले. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या विभागात, एक वयस्क तुर्की कामगार आहे. १९६१ साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला, त्यानंतर याचे वडील झोंगुलदाकच्या कोळशाच्या पट्ट्यातून इकडं आले. हे मला माहीत होतं, कारण पहिल्याच आठवड्यात मी त्याला वडगावच्या पद्धतीनं विचारून घेतलं होतं: गाव कुठलं, भावंडं किती, घर अजून आहे का तिकडं. ऑफिसातल्यांना हे ऐकून अवघडल्यासारखं झालं. त्याला झालं नाही. तेव्हापासून सुट्टीत तो मला अक्रोड देतो आणि मी त्याला घरून आलेला कुंदा.

असंच एकदा अक्रोड फोडता फोडता तो म्हणाला, "तुमचा माल सोमवारचाच खराब येतो." सोमवारी सकाळी ओतलेल्या बॉडीच्या आतल्या कोपऱ्यात वाळू जास्त चिकटलेली असते, त्याच्या ग्राइंडरला तिथं जास्त वेळ लागतो. आम्ही तक्ते पाळीप्रमाणे लावले होते, वाराप्रमाणे लावलेच नव्हते. लावले आणि चित्र स्वच्छ झालं. शुक्रवारी केलेले कोअर शनिवार-रविवार उघड्यावर पडून राहायचे, हवेतली ओल ओढायचे आणि सोमवारी तापलेलं लोखंड आत गेलं की त्या ओलीची वाफ व्हायची. कोअर कोरड्या खोलीत ठेवायला लागलो, छिद्रं जवळजवळ थांबली.

त्यानं हे आधी का सांगितलं नाही? मास्टरनं त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, कुणी विचारलं नाही. सूचनेची पेटी त्याच्या विभागाच्या दारातच आहे.

गेल्या महिन्यात मामाचा नातू, जो आता बेळगावात आयटीआय करतोय, फोनवर होता. त्याला मी वहीचं सांगितलं तर म्हणाला, "आमाला कोण सांगतंय काका, लिवायला तरी काय हाय?" म्हटलं, रोज एक प्रश्न लिही, बाकी काही नको. त्याचा पहिला प्रश्न आला: साच्याची वाळू काळी का असते? चांगला प्रश्न. वाळूत कोळशाची पूड घालतात. लोखंड आत पडलं की ती तापून वायू सोडते, कणांवर कार्बनचा पातळ थर बसतो आणि लोखंड वाळूला धरत नाही. कास्टिंग साफ सुटतं. मी एवढं लांबलचक लिहून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पुढचा प्रश्न. मग पितळेच्या साच्यात पण कोळसा घालायचा का, आणि घातला नाही तर काय होतंय? मला पुस्तकातलं उत्तर देता आलं असतं. त्याला लिहिलं, हे आजोबांना विचार. लोखंडाच्या आधी दोन वर्षं त्यांनी पितळच ओतलंय, आणि सध्या ते सकाळी दहापर्यंत कट्ट्यावरच असतात.