टेबलाने सांगितलेला खून

रविवार, रात्री साडेअकरा

पावसाने आज दिवसभर घराबाहेर पाऊल टाकू दिले नाही. सकाळी अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची 'द सिटाफर्ड मिस्ट्री' हाती घेतली आणि दोन जेवणे व एक डुलकी वगळता ती खाली ठेवली नाही. ही कादंबरी १९३१ सालची. तीत ख्रिस्ती यांचे नेहमीचे गुन्हे-शोधक, म्हणजे पायरो आणि मिस मार्पल, दोघेही नाहीत; शोध घेते ती एमिली ट्रेफ्युसिस नावाची तरुणी, कारण पोलिसांनी तिच्या वाग्दत्त वरालाच पकडले आहे. ती रडत बसत नाही, भेटेल त्याला गोड बोलून कामाला लावते. मला ती फार आवडली.

प्रसंग इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावरच्या सिटाफर्ड या चिमुकल्या खेड्यातला आहे. बर्फामुळे वाटा बंद झाल्या आहेत, बंगल्यात शेकोटी पेटलेली आहे, चहा झाला आहे आणि वेळ घालवण्यासाठी ६ माणसे दिवे मालवून एका टेबलाभोवती बसतात. टेबल डुलू लागते. त्याच्या हेलकाव्यांबरोबर ए-बी-सी म्हणत अक्षरे जुळवायची, असा तो खेळ. आरंभी थट्टामस्करी चालते आणि मग टेबल एक नाव सांगते: ट्रेव्हेलियन. हे त्या बंगल्याचे मालक असून ६ मैलांवरच्या एक्झॅम्प्टन गावी राहायला गेलेले आहेत. ते मरण पावले असून त्यांचा खून झाला आहे, असे टेबलाचे म्हणणे. कोणीतरी घड्याळ पाहते, तेव्हा ५ वाजून २५ मिनिटे झालेली असतात. त्यांचे जुने मित्र मेजर बर्नाबी कोणाचेही न ऐकता बर्फातून पायी निघतात, आठाच्या सुमारास एक्झॅम्प्टनला पोहोचतात, आणि टेबल खरे बोललेले असते.

इथे मी पुस्तक मांडीवर पालथे घातले आणि स्वतःच शोध लावायला बसले. रहस्यकथा लिहिणारे इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यांत अतींद्रिय शक्तींना कथेत थारा देऊ नये, असा एक नियम आहे. हे नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. परलोकावर श्रद्धा असलेल्या माणसानेच भुतांना रहस्यकथेच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे, याची मला नेहमी गंमत वाटते. तेव्हा भूत बाद. भूत बाद म्हटले, की टेबल त्या सहांपैकीच कोणीतरी हलवले असणार आणि त्याला खुनाची आधीच माहिती असणार. पण मग तो मनुष्य त्याच वेळी ६ मैल दूर, बर्फापलीकडे कसा पोहोचला? या प्रश्नाशी मी जी अडले, ती शेवटपर्यंत. उत्तर येथे लिहीत नाही. एवढेच नोंदवते, की मृताच्या घरातल्या एका कपाटातील वस्तूंची यादी लेखिकेने आपल्यासमोर सरळ मांडली आहे आणि मी ती वाघाचे कातडे, गोल्फच्या काठ्या असे वाचत, 'म्हाताऱ्याची अडगळ' म्हणून ओलांडून गेले.

माझ्या या अडण्याला खरे तर काही सबब नाही, कारण हाच खेळ मी लहानपणी जवळून पाहिला आहे. मे महिन्यात आजीच्या घरी वीज गेली, की आम्ही भावंडे प्लँचेट करायला बसत असू. पाटावर खडूने मुळाक्षरे आणि काना-मात्रा, दोन कोपऱ्यांत 'हो' आणि 'नाही', मध्ये उपडी वाटी व तिच्यावर प्रत्येकाचे एकेक बोट. एका रात्री आजोबांना बोलावले. वाटी खरोखर सरकू लागली. तिच्या काठाखाली खडू करकरत होता आणि माझ्या हातावर काटा उभा राहिला होता. 'आम्हाला काही सांगता का?' असे विचारल्यावर वाटीने सावकाश एकच शब्द लिहिला: आशिर्वाद. आम्ही भारावून गेलो. मागे कंदील घेऊन उभी असलेली आजी मात्र म्हणाली, "हे ते नव्हेत. यांनी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. यांचा शि ऱ्हस्व पडणार नाही." आणि तिने ओल्या फडक्याने पाट पुसून टाकला.

सिटाफर्डच्या त्या बैठकीत माझी आजी असती, तर कादंबरी पन्नास पानांत आटोपली असती. आत्मा कोणत्या लोकातून आला, हे न विचारता त्याला काय येते नि काय येत नाही, हे ती पाहत असे. मी मात्र आज इतकी वर्षे रहस्यकथा वाचूनही अंधार, बर्फ आणि ५ वाजून २५ मिनिटे यांतच गुंगून राहिले.

मघाशी राहवले नाही, म्हणून आतेभावाला दूरध्वनी केला. वाटी आपण ढकललीच नव्हती, असे तो अजूनही शपथेवर सांगतो. त्यानंतर मी त्याचा गेल्या दिवाळीचा संदेश शोधून काढला. 'थोरांचे आशिर्वाद पाठीशी असोत', असे त्यात लिहिले आहे.